अ‍ॅव्हरेज पंधरावरून अकरावर आलं: जुन्या पेट्रोल गाडीत आधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा: २०१२ची वॅगन-आर, एक लिटरचं पेट्रोल इंजिन, १ लाख ५ हजार किलोमीटर झालेले. पुण्यात ऑफिसला जाऊन-येऊन रोज २२ किलोमीटर. पूर्वी शहरात १५चं अ‍ॅव्हरेज होतं, आता ११ पडतंय. गॅरेजमध्ये इंजेक्टर क्लीनिंग, डीकार्बनायझेशन आणि इंजिन फ्लश असं साडेसहा हजारांचं पॅकेज सुचवलंय. करावं का?

आत्ता अजिबात करू नका. पंधराचं अकरा होणं म्हणजे त्याच अंतराला सव्वा ते दीडपट पेट्रोल जाणं. नुसत्या इंजेक्टरमधल्या (पेट्रोल फवारणाऱ्या नोझलमधल्या) मळाने एवढा फरक क्वचित पडतो. एवढी घसरण दिसते तेव्हा बहुतेक वेळा दोन-तीन छोटे दोष एकमेकांवर चढलेले असतात: एखादं चाक अडकतंय, इंजिन पुरेसं गरम होत नाहीये, एखादा सेन्सर इंजिनाच्या कॉम्प्युटरला चुकीचं सांगतोय. यातलं बरंचसं बिनपैशांत सापडतं, म्हणून आधी शोधा आणि मग खर्च करा. तुमचं महिन्याचं २५ दिवसांचं अंतर ५५० किमी होतं. अकराने ५० लिटर लागतात, पंधराने साडेछत्तीस. पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरलं तरी महिन्याला जवळपास १,४०० रुपयांचा फरक आहे. दोन शनिवार-रविवार तपासणीत घालवायला हरकत नाही.

सुरुवात मोजण्यापासून करा. पाचशे रुपयांचं पेट्रोल टाकून, दिवा लागेपर्यंत चालवून काढलेल्या आकड्याला अर्थ नाही. पाचशेत पाच लिटरही येत नाही, त्यात अर्ध्या लिटरची चूक झाली की हिशोब दहा टक्क्यांनी चुकतो. टाकी फुल्ल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा, वर 'राउंड फिगर' करू देऊ नका. ट्रिप मीटर शून्यावर आणा. किमान ३०० किमी चालवून त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, पुन्हा पहिल्या कटऑफपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. असे लागोपाठ दोन आकडे आले की ती तुमची खरी पातळी. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील तर ओडोमीटर कमी किलोमीटर दाखवतो, तेही लक्षात घ्या.

आता बॉनेट उघडण्याआधी चाकांकडे या. ब्रेक धरून ठेवणारं एक चाक अ‍ॅव्हरेज खातं आणि चालवताना कळतही नाही, कारण ते हळूहळू वाढत जातं. मोकळ्या रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर चालवा, ब्रेक कमीत कमी वापरा, शेवटी गाडी हळू होऊ देऊन थांबवा. उतरून चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हाताची मागची बाजू न्या, पण टेकवू नका. समोरची दोन चाकं एकमेकांइतकी आणि मागची दोन एकमेकांइतकी कोमट असायला हवीत. एकच चाक भाजेल इतकं गरम असेल तर दोष तिथे आहे. मग सपाट जागी, इतर चाकांना अडणी लावून, एकेक चाक जॅकवर उचला, न्यूट्रलमध्ये हाताने फिरवा. पुढचं चाक पॅडला जेमतेम घासल्याचा आवाज करेल, ते चालतं. पण दोन्ही हातांनी जोर लावावा लागत असेल तर कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकणाऱ्या पिना कोरड्या पडून अडकल्यात किंवा पिस्टन गंजलाय. पिना काढून, पुसून, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं. चासीचं साधं पिवळं ग्रीस लावलं की पिनांवरची रबरी बूट फुगतात आणि वर्षभरात पिना पुन्हा अडकतात. हे फार ठिकाणी होतं. मागच्या चाकात बहुधा हँडब्रेकची केबल गंजून अर्धवट ओढलेली राहते. पावसाळ्यात गाडी हँडब्रेक ओढून दिवसेंदिवस उभी राहिली असेल तर आधी तिथेच पाहा.

टायरची हवा थंड असताना, म्हणजे गाडी किमान दोन-तीन तास उभी असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. पंपावरचा गेज चुकीचा असू शकतो, स्वतःचा छोटा गेज घ्या. टायरच्या कडेवर छापलेला कमाल दाबाचा आकडा तुमच्यासाठी नाही. अलाइनमेंट केव्हा करायचं ते टायर सांगतो: तळवा टायरवरून आत-बाहेर फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा खरखरीत लागला तर टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) चुकलाय आणि टायर रस्त्यावर घासत चाललाय.

आता सर्वात महत्त्वाचं, आणि आपल्याकडे सर्वात दुर्लक्षित: थर्मोस्टॅट. इंजिन थंड असताना कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो, कारण थंड मॅनिफोल्डमध्ये (हवा इंजिनात नेणाऱ्या नळीत) पेट्रोलची नीट वाफ होत नाही. पाणी ८० अंशांच्या पुढे गेलं की हा जादा खुराक बंद होतो. थर्मोस्टॅट हा छोटा व्हॉल्व्ह इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो उघडाच अडकला, किंवा कोणी काढूनच टाकला, तर इंजिन सतत अर्धवट गरम राहतं आणि अकरा किलोमीटरच्या प्रवासातला मोठा भाग 'थंडी'च्या खुराकावर जातो. काढून टाकणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे. गाडी तापते म्हणून आली की फॅन, चोंदलेला रेडिएटर, सैल झालेली कॅप हे शोधण्याऐवजी व्हॉल्व्ह काढायचा आणि 'आपल्या हवेत त्याची गरज नसते' म्हणून सांगायचं. गरज असते. त्याचं काम बाहेरच्या हवेशी नाही, इंजिनाच्या आतल्या तापमानाशी आहे. काही इंजिनांत तर तो काढल्यावर पाणी रेडिएटर चुकवून आतल्या आतच फिरतं आणि जड वाहतुकीत गाडी उलट जास्त तापते.

तपासणी सोपी आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करा. रेडिएटरला जोडलेल्या दोन होजपैकी ज्याच्या तोंडाशी थर्मोस्टॅटचं घर आहे त्यावर हात ठेवा. पंखा आणि पट्ट्यापासून हात आणि बाही दूर. पहिली काही मिनिटं होज गार राहायला हवा आणि मग एकदम गरम व्हायला हवा. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर व्हॉल्व्ह उघडा आहे किंवा जागेवर नाही. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं साधन) असेल तर आणखी स्पष्ट दिसतं: सात-आठ मिनिटांच्या चालण्यात तापमान ८०च्या वर जाऊन ८५ ते ९८च्या दरम्यान टिकलं पाहिजे. मोकळ्या रस्त्यावर ६० किमीच्या वेगात ते ६५-७०वर घसरत असेल तर दोष पक्का.

काढलेला थर्मोस्टॅट वापरण्याजोगा आहे का हे घरी पातेल्यात कळतं. त्याच्या कडेवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. दोऱ्याला बांधून पाण्यात अधांतरी लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास व्हॉल्व्हची चकती हलायला लागते आणि ९५च्या सुमाराला साधारण आठ मिलिमीटर उघडते. गार पाण्यातच फट दिसत असेल तर टाकून द्या. नवा बसवताना रबरी सील नवं, त्यावरचं छोटं हवेचं छिद्र वरच्या बाजूला, आणि भरताना तयार कूलंट किंवा निम्मं कूलंट-निम्मं डिस्टिल्ड पाणी. नळाच्या पाण्याचे क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. गरम इंजिनाची रेडिएटर कॅप कधीही उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर येतं.

त्याच घराजवळ कूलंट तापमानाचा सेन्सर असतो. पाणी ९० अंश असताना तो ४० सांगत बसला तर परिणाम तोच. स्कॅनर नसेल तर मल्टीमीटर चालेल: गार इंजिनावर, २०-२५ अंशांना, या सेन्सरचा रोध साधारण दोन ते अडीच किलोओहम असतो आणि ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास उतरतो. स्कॅनर असेल तर सकाळी स्विच ऑन करून पाहा, कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखंच दिसायला हवं. त्यात दहा-पंधरा अंशांचा फरक असेल तर दोन सेन्सरांपैकी एक खोटं बोलतोय.

आता स्कॅनरबद्दल. तुमची गाडी पुण्यात २०१२ साली, म्हणजे बीएस-४ या प्रदूषण-नियमांच्या काळात घेतलेली आहे. २०१० पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी (इंजिनातले दोष नोंदवणारी यंत्रणा) आलं, त्यामुळे हजार-दीड हजाराचा ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर आणि फोनवरचं अ‍ॅप बहुधा काम करेल. इंजिनाचा दिवा पेटलेला नसला तरी लावा. त्यात 'शॉर्ट टर्म' आणि 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' हे दोन आकडे शोधा. कॉम्प्युटर ठरलेल्या हिशोबापेक्षा किती टक्के जास्त (+) किंवा कमी (−) पेट्रोल सोडतोय, ते हे आकडे सांगतात. इंजिन पूर्ण गरम करून, एसी बंद ठेवून, एकदा आयडलिंगला आणि एकदा अडीच हजार आरपीएमवर दोन्हींची बेरीज लिहून घ्या.

पुस्तकांत ±५ टक्के चांगलं असं लिहिलेलं असतं, पण ते आजच्या आपल्या पेट्रोलला लागू पडत नाही. आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. इथेनॉल जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. त्यामुळे २०१२च्या गाडीत +४ ते +८ ही नेहमीची अवस्था आहे. त्यासाठी व्हॅक्यूम लीक (बाहेरची हवा आत ओढणारी फट) शोधत बसू नका. उलट, ट्रिम उणे निघाली, समजा −६, तर ती गंभीर खूण आहे: इंजिनात कुठून तरी जादा पेट्रोल येतंय. इंजेक्टर बंद असताना गळतोय, पेट्रोलचा दाब जास्त आहे, किंवा हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर चुकीचं सांगतोय. ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास आणि पातळी वर चढलेली दिसली तर गळक्या इंजेक्टरचा संशय बळावतो.

ट्रिम +१२च्या पुढे गेली तर पाहायच्या जागा दोन. एक, व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या: पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत आत नेणारी) नळी, ब्रेक बूस्टरची नळी, मॅनिफोल्डचं गास्केट. मॅप सेन्सर असलेल्या इंजिनात अशी गळती बहुधा आयडलिंग वाढवते, म्हणून ट्रिम बरी दिसली तरी आयडलिंग हजाराच्या वर अडकलं असेल तर नळ्या बघाच. एकेक नळी पक्कडीत कापड धरून दाबा. जिच्यामुळे आवाज बदलतो तिथे फट. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून शोधण्याची पद्धत आग लावू शकते, ती टाळा. दोन, ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजून पेट्रोल कमी-जास्त ते सांगणाऱ्या) आधी एक्झॉस्टमध्ये पडलेली चीर. सायलेन्सरच्या बाजूने थंड असताना 'टक-टक' येऊन गरम झाल्यावर थांबत असेल तर हीच शंका घ्या. चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि कॉम्प्युटर विनाकारण जास्त सोडतो. काम गास्केटचं किंवा वेल्डिंगचं, आणि खर्च मात्र सेन्सर बदलण्यावर होतो.

ऑक्सिजन सेन्सर स्वतः बिघडतो तेव्हा बहुधा आळसावतो. गरम इंजिन अडीच हजारांवर धरा. पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत वर-खाली उड्या मारत राहिलं पाहिजे. ०.७-०.८वर चिकटून बसलं असेल तर चालत्या गाडीत उतारावर गिअरमध्ये एक्सलरेटर पूर्ण सोडा (आकडे शेजारच्याने पाहावेत). त्या वेळी पेट्रोल बंद होतं, व्होल्टेज शून्याजवळ पडलं पाहिजे. पडलं तर सेन्सर ठीक आहे आणि मिश्रणच जाड आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. पडलं नाही तर सेन्सर बदला.

स्कॅनर नसेल त्यांच्यासाठी आणखी एक साधन डॅशबोर्डच्या कप्प्यातच पडलेलं असतं: पीयूसीची चिठ्ठी. लोक 'पास' एवढाच शब्द वाचतात. त्यातला सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा बघा. बीएस-४ पेट्रोल गाडीला मर्यादा ०.३ टक्के, हायड्रोकार्बनला २०० पीपीएम. चांगलं इंजिन आणि चांगला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा सायलेन्सरमधला भाग) असलेली गाडी ०.०५च्याही खाली असते. ०.२५ला गाडी पास होते, पण ती पेट्रोल वाया घालवतेय. सीओ वाढलेला म्हणजे मिश्रण जाड. सीओ कमी पण हायड्रोकार्बन जास्त म्हणजे मिसिंग, एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये. तपासणीला जाताना इंजिन पंधरा मिनिटं चालवून गरम ठेवा आणि नळी सायलेन्सरमध्ये खरोखर आत घातली आहे ना ते पाहा.

प्लग. साध्या निकेल प्लगचं आयुष्य ३० ते ४० हजार किलोमीटर. कॉइल काढा, प्लगच्या खड्ड्यात साचलेली धूळ हवा मारून काढा (नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते), आणि इंजिन थंड असतानाच प्लग खोला. गरम अ‍ॅल्युमिनियममध्ये आटे सोलतात. तिन्ही प्लग कागदावर १-२-३ लिहून ओळीत ठेवा. टोकाचा चिनी मातीचा भाग फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर उत्तम. तिन्ही कोरडे, काजळीसारखे काळे असतील तर सगळ्या इंजिनाचं मिश्रण जाड. पुन्हा तापमान आणि सेन्सरकडे जा. एकच काळा आणि ओला असेल तर त्या सिलिंडरची कॉइल किंवा इंजेक्टर. तेलकट चमक म्हणजे ऑइल वर येतंय. नव्या प्लगची फट फीलर गेजने मॅन्युअलमधल्या मापाला लावा. हाताने शेवटपर्यंत फिरवा आणि वॉशर टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा. टॉर्क पाना असेल तर त्याहून बरं. स्कॅनरवर मिसिंगचा कोड आला, समजा पी-०३०२ (शेवटचा आकडा सिलिंडरचा), तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल अदलाबदल करा. कोड पी-०३०३ झाला तर कॉइल खराब. काही न तपासता सरळ तिन्ही कॉइल नव्या घ्यायला सांगणाऱ्याला ही अदलाबदल आधी करायला सांगा.

एअर फिल्टरबद्दल गैरसमज मोठा आहे. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत चोंदलेला फिल्टर खरंच पेट्रोल खायचा. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर येणाऱ्या हवेनुसार पेट्रोल मोजतो. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली नेमकं हेच तपासलं; चोंदलेल्या फिल्टरने पिकअप पडला, अ‍ॅव्हरेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. फिल्टर वेळेवर बदलाच, पण त्याने तुमचे चार किलोमीटर परत येणार नाहीत. थ्रॉटल बॉडीचंही तसंच: आयडलिंग डगमगत असेल तर साफ करा, एरवी हात लावू नका.

इंजिन ऑइल मात्र बघा. या इंजिनाला पातळ ऑइल लागतं, ५डब्ल्यू-३०. 'गाडी जुनी झाली, जाड टाका' म्हणून २०डब्ल्यू-५० भरलेलं असेल तर दर सकाळी इंजिन ते जाड तेल ढवळण्यात पेट्रोल घालवतं, विशेषतः छोट्या फेऱ्यांत. पातळी डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये ठेवा. वरच्या खुणेच्या पुढे भरलं तर क्रँक तेलात आपटतो आणि फेस होतो.

क्लच एका मिनिटात: रिकाम्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४०च्या वेगाने जाताना एक्सलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग मागे राहिला तर प्लेट सरकतेय.

अपेक्षाही जुळवून घ्या. इथेनॉलमध्ये दर लिटरला पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे ई-२०मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण साडेसहा-सात टक्के, आणि ई-१०पेक्षा साडेतीन टक्के कमी. तुमचं जुनं १५ हे त्या काळच्या पेट्रोलवरचं आहे. आजच्या पेट्रोलवर, तशाच रस्त्यांवर, १४ आलं तर गाडी पूर्ण बरी झाली असं समजा. पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र या निमित्ताने तपासा. २०१२च्या नळ्या ई-२०साठी बनवलेल्या नाहीत; वाकवल्यावर चिरा दिसल्या किंवा बोटाला चिकट लागल्या तर लगेच बदला, तो अ‍ॅव्हरेजपेक्षा आगीचा प्रश्न आहे.

पॅकेजकडे परत येऊ. इंजेक्टर क्लीनिंगला अर्थ आहे तो इंजेक्टर काढून, बेंचवर लावून, प्रत्येकाचा प्रवाह आणि फवारा आधी-नंतर मोजून दाखवणार असतील तर, आणि तोही ट्रिमने इकडे बोट दाखवलं असेल तरच. डीकार्बनायझेशनसाठी एअर पाइपमध्ये धूर सोडणाऱ्या मशीनवर आणि जुन्या इंजिनात फ्लश ओतण्यावर पैसे घालू नका. फ्लशने सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतो. पेट्रोलच्या नळीवर लावायचे लोहचुंबक तर हातातही घेऊ नका.

हे सगळं करूनही आकडा १२च्या वर जात नसेल तर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी, करून घ्या. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंजेक्टरचे कनेक्टर काढलेले, एक्सलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज. तिन्ही सिलिंडरचे आकडे १७० ते २०० पीएसआयच्या आसपास आणि एकमेकांच्या १५ पीएसआयच्या आत हवेत. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा: आकडा वर चढला तर दोष पिस्टन रिंगचा, तिथेच राहिला तर सिलिंडरच्या व्हॉल्व्हचा. हे आकडे जॉब कार्डावर लिहून घ्या. गाडी कधी सीएनजीवर चालली असेल तर व्हॉल्व्हची शक्यता जास्त, आणि तसं असेल तर ते मेकॅनिकला आधीच सांगा.